फॉर ऑल मॅनकाइंड, चौथ्या सीझनचा शेवट: ती जादा पाच मिनिटं पटली का? (स्पॉयलर आहेत)

कृष्णाकाठ (सांगली)
'फॉर ऑल मॅनकाइंड' या पर्यायी इतिहासातल्या अंतराळ-मालिकेच्या चौथ्या सीझनचा शेवटचा भाग शुक्रवारी, १२ जानेवारी २०२४ ला आला, 'पेरेस्त्रोइका'. पाहिला नसेल त्यांनी इथूनच मागे फिरा, पुढे सगळं फोडणार आहे.

थोडक्यात उजळणी. गोल्डिलॉक्स हा इरिडियम या दुर्मिळ धातूनं भरलेला लघुग्रह, किंमत २० ट्रिलियन डॉलर. मंगळावर एकत्र काम करणाऱ्या एम-७ देशांना तो पृथ्वीजवळ आणायचाय. हेलिओस कंपनीचा मालक डेव्ह, म्हातारा अंतराळवीर एड आणि मंडळींना तो मंगळाजवळ ठेवायचाय, कारण खाण पृथ्वीजवळ गेली की मंगळावर पैसा ओतायला कुणी थांबणार नाही. मंगळाजवळून जाताना दगडाला जोडलेल्या रेंजर यानाचं इंजिन ठरल्या वेळी बंद झालं तर दगड पृथ्वीच्या वाटेला लागतो. पाच मिनिटं जास्त चाललं तर मंगळाच्या कक्षेतच अडकतो. अख्खा भाग या पाच मिनिटांवर उभा आहे.

प्रश्न असा, की हे गणित बसतं का? आणि नसेल बसत तर शेवट फसला म्हणायचं का? माझ्या मते शेवट फसलेला नाही. राजकारणाचा निकाल भाषणानं किंवा गोळीबारानं न लागता इंजिन किती सेकंद चाललं यावर लागतो, असं मालिकांमध्ये फार कमी वेळा दिसतं.

भडंगवाला
लय भारी शेवट. नासाच्या जुन्या प्रमुख मार्गोसाठी जीव तुटला. बाकी गणितवाल्यांनी या, आम्ही भडंग खात वाचतो.

अजिंक्यतारा_७७ (सातारा)
दिशा बरोबर आहे, आकार बरोबर नाही. दोन्ही वेगळं करून बघू.

आधी दिशा. ग्रहाजवळून जाणाऱ्या वस्तूचा वेग तिथल्या मुक्तिवेगापेक्षा (ग्रहाच्या ओढीतून सुटायला लागणाऱ्या वेगापेक्षा) जास्त असतो, म्हणून ती निघून जाते. ग्रहाच्या सगळ्यात जवळ असताना ब्रेक लावून वेग मुक्तिवेगाच्या किंचित खाली आणला की ती अडकते. मंगळाचा गुरुत्वांक (गुरुत्व स्थिरांक गुणिले मंगळाचं वस्तुमान) ४२,८२८ (किमी घन भागिले सेकंद वर्ग) आणि त्रिज्या ३,३९६ किमी घ्या. ४०० किमी उंचीवर मुक्तिवेग येतो ४.७५ किमी प्रतिसेकंद. दगड दुरून सेकंदाला १ किमी जादा वेगानं येत असेल तर त्या उंचीवर त्याचा वेग भरतो ४.८५. म्हणजे फक्त १०० मीटर प्रतिसेकंद एवढाच ब्रेक पुरतो. तोच ३ किमीनं येत असेल तर साधारण ८७० मीटर लागतात. म्हणजे 'थोडं जास्त चालवलं की अडकतो' हे तत्त्व शंभर टक्के खरं.

आता आकार. व्यास १ किमी धरू, घनता साध्या खडकाची, पाण्याच्या अडीचपट. वजन होतं १३० कोटी टन. एवढ्याला १०० मीटर प्रतिसेकंद वेगफरक २५ मिनिटांत द्यायचा तर जोर लागतो ८७ अब्ज न्यूटन. चंद्रावर माणसं नेणाऱ्या सॅटर्न ५ रॉकेटचा उड्डाणाचा जोर साडेतीन कोटी न्यूटन. म्हणजे अडीच हजार सॅटर्न ५ एकाच वेळी, पंचवीस मिनिटं. रेंजरकडे हेलियम-३ वाली प्लाझ्मा इंजिनं आहेत हे मान्य, तरी झेपणारं काम नव्हे.

मिरज_जंक्शन
आणि इंधन?

अजिंक्यतारा_७७
इंजिनातून बाहेर पडणाऱ्या झोताचा वेग ५० किमी प्रतिसेकंद धरा, म्हणजे फारच उदार होऊन. तरी २६ लाख टन द्रव्य फेकावं लागतं. झोताला लागणारी शक्ती काढली तर ती कोयनेच्या सगळ्या टप्प्यांच्या मिळून असलेल्या १,९६० मेगावॅटच्या अकरा लाखपट येते. सातारा जिल्ह्यात तेवढी जागा नाही.

हळदबाजार
अकरा लाख कोयना 😂 पोफळीच्या वीजकेंद्रवाल्यांना कळवा.

शेणोली_शटल (कराड)
अजिंक्यतारा, गणित मान्य, पण तुम्ही घनता खडकाची धरलीत. एवढं इरिडियम असलेला दगड खडकाळ असणारच नाही. इरिडियम लोखंडाच्या संगतीनं राहतं. लघुग्रह वितळला की ते गाभ्यात उतरतं, म्हणूनच पृथ्वीच्या कवचात ते इतकं दुर्मिळ आहे आणि ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या मातीच्या थरात अचानक वाढलेलं दिसतं तेव्हा बाहेरून काहीतरी येऊन आदळलं असं म्हणता येतं.

आता २० ट्रिलियनचं बघा. आपल्या जगातला २०२४ च्या सुरुवातीचा भाव औंसाला ५,००० डॉलरच्या आसपास, म्हणजे टनाला साधारण १६ कोटी डॉलर. त्या हिशेबानं गोल्डिलॉक्समध्ये सव्वा लाख टन इरिडियम हवं. मालिकेतल्या जगात भाव वेगळा असू शकतो, पण अंदाज येतो. तुमच्या १३० कोटी टनांत सव्वा लाख टन म्हणजे दशलक्षात जवळपास ९६ भाग. साध्या उल्केत दशलक्षात अर्धाच भाग असतो. हे अशक्यच. पण लोखंडी दगड धरा, घनता साडेसात. वजन ३९० कोटी टन, प्रमाण येतं ३२. लोहउल्कांमध्ये एवढं सापडू शकतं.

अजिंक्यतारा_७७
धरा लोखंडी. मग कोयना तेहतीस लाख.

भडंगवाला
खाण खरी करायला गेलं की इंजिन खोटं पडतंय, इंजिन सांभाळलं की खाण खोटी. लेखकांनी आकडा सांगायलाच नको होता राव.

वाईकर_चष्मा
याच्यापेक्षा या सीझनच्या पहिल्या भागातला क्रोनॉस लघुग्रहाचा प्रसंग जास्त खरा होता असं माझं मत. तिथं अडचण जोराची नव्हतीच, पकडीची होती. दगडाला बांधलेला सांगाडा आणि केबल ताणाखाली सुटतात आणि अंतराळवीर कुझनेत्सोव्ह जातो. लघुग्रह म्हणजे एकसंध धोंडा असेलच असं नाही, पुष्कळसे नुसते मुरमाचे ढीग असतात. नासाचं ओसायरिस-रेक्स यान बेन्नू लघुग्रहाला टेकलं तेव्हा त्याचं नमुना घेणारं टोक अर्धा मीटर आत गेलं, पृष्ठभागानं अडवलंच नाही. तिथं खिळा ठोकून ओढायला लागाल तर खिळा हातात येईल, दगड जागेवर.

दुसरी गोष्ट, दगड स्वतःभोवती फिरत असतो. इंजिन त्याला पक्कं जोडलं की जोराची दिशाही फिरत राहणार. म्हणून आधी फिरणं थांबवायचं, मग जोराची रेघ वस्तुमानाच्या मध्यातून जाईल असं इंजिन लावायचं. रेघ जरा बाजूला गेली की पुढे ढकलण्याऐवजी पुन्हा गरागरा फिरायला लागतो. मालिकेनं या सगळ्या कामाला दोन-चार वाक्यं दिली. मला त्यावर पूर्ण भाग चालला असता, पण बहुधा मला एकट्यालाच.

कृष्णाकाठ
एकट्याला नाही.

मिरज_जंक्शन
आपल्या मंगळयानाचा आकडा कुणी का काढत नाही? २४ सप्टेंबर २०१४ ला ४४० न्यूटनचं मुख्य इंजिन आणि आठ छोटी इंजिनं १,३८८ सेकंद चालली, म्हणजे तेवीस मिनिटं. वेग सेकंदाला १,०९९ मीटरनं कमी केला, इंधन लागलं सुमारे २५० किलो. कक्षा मिळाली ४२१ किमी बाय जवळपास ७७,००० किमी. पाच मिनिटं आधी इंजिन बंद पडलं असतं तर काय झालं असतं ते काढून बघा. सुरुवातीला यान जड असतं म्हणून वेग सावकाश उतरतो, शेवटी हलकं होतं म्हणून पटापट उतरतो. शेवटच्या पाच मिनिटांत सरासरीपेक्षा जास्तच वेगफरक मिळतो, अडीचशे मीटरच्या आसपास. आणि ती ७७,००० किमीची लांबुडकी कक्षा मुक्तिवेगाच्या जेमतेम एकशे दहा मीटर खाली आहे. म्हणजे पाच मिनिटं कमी पडली असती तर मंगळयान मंगळाला टाटा करून गेलं असतं.

मालिकेतली पाच मिनिटं म्हणूनच मला खोटी वाटली नाहीत. एका खऱ्या मोहिमेत तेवढ्यानंच निकाल फिरला असता.

अजिंक्यतारा_७७
हा मुद्दा भारी आहे. वेळेचं प्रमाण खरं, वजनाचं खोटं. मी एवढ्यावर थांबतो.

शेणोली_शटल
थांबू नका, अजून एक आहे. कुठलंही शहाणं यान नुसत्या घड्याळावर इंजिन बंद करत नाही. वेग किती बदलला ते ॲक्सिलरोमीटर मोजतो, ठरलेला फरक झाला की संगणक बंद करतो, घड्याळ असतं ते राखीव. तेव्हा 'पाच मिनिटं जास्त' म्हणजे नुसतं बटण दाबून धरणं नव्हे. संगणकाला नवा आकडा द्यायचा, तो आकडा खऱ्या नियंत्रण कक्षाकडून आलाय असं त्याला पटवायचं, आणि खऱ्या कक्षाची 'बंद कर' ही आज्ञा त्यानं ऐकू नये अशी सोय करायची. तीन वेगळी कामं. मालिकेत पहिलं काम ह्यूस्टनला मार्गो करते, बाकी दोन डिस्क्रिमिनेटर नावाचं यंत्र आणि मंगळावरची ती चोरून उभारलेली नियंत्रणाची खोली. इथं लेखकांनी अभ्यास केलाय हे मान्य करायला हवं.

वाईकर_चष्मा
आणि ती खोली मंगळावरच का लागते तेही. पृथ्वी-मंगळ संदेशाला अंतरानुसार एका बाजूनं ३ ते २२ मिनिटं लागतात. पाच मिनिटांची मारामारी पृथ्वीवरून चालवताच येत नाही. ह्यूस्टनला 'इंजिन अजून चालू आहे' हे कळून तिथली आज्ञा परत पोचेपर्यंत दगड कधीच अडकलेला असणार. मंगळयानाच्या वेळीही संदेशाला बारा मिनिटांच्या वर लागत होते, शिवाय यान मंगळाआड जाणार होतं, म्हणून सगळ्या आज्ञा आधीच भरून ठेवल्या होत्या.

यामुळेच शेवटच्या भागात ह्यूस्टनची माणसं नुसती पडद्याकडे बघत बसलेली दिसतात. काहींनी त्याला कंटाळवाणं म्हटलंय. मला तो सगळ्यात खरा प्रसंग वाटला.

दख्खनची_रेवडी
सगळं ठीक, पण यानाबाहेरच्या मारामारीचं काय? इंजिन चालू असताना रेंजरवरचे सॅम आणि पामर बाहेर. तिथं वजनरहित असल्यासारखं वागतात.

अजिंक्यतारा_७७
त्याचं उत्तर आकड्यात आहे. १०० मीटर प्रतिसेकंद भागिले १,५०० सेकंद म्हणजे त्वरण ०.०६७, पृथ्वीच्या गुरुत्वाच्या पाऊण टक्क्याहूनही कमी. उभं राहिलं तर जाणवणारही नाही. पण हात सुटला तर दहा सेकंदांत यान तुमच्यापासून ३ मीटर पुढे, मिनिटात १२० मीटर पुढे. आणि मागे झोत. म्हणजे पहिले दहा सेकंद वजनरहित, त्यानंतर दोरी नसेल तर विषय संपला. दिग्दर्शकानं हे वापरलं असतं तर प्रसंग दुप्पट भीतीदायक झाला असता.

पाटण_खोरं
एडचा मेकअप कुणालाच खटकला नाही? एड झालेला जोएल किनामन तेव्हा पंचेचाळिशीतसुद्धा आला नव्हता आणि इथं सत्तरी पार. चेहरा ठीक आहे, चाल मात्र तिशीतल्या गड्याची.

भडंगवाला
मंगळावर गुरुत्व ३८ टक्के. गुडघे दुखत नाहीत तिथं. चला, सगळे जाऊ.

हळदबाजार
माझी तक्रार भावाची आहे. इरिडियमचं जगातलं वर्षाचं उत्पादन ७-८ टन, त्यातलं बहुतांश दक्षिण आफ्रिकेत प्लॅटिनमच्या सोबत निघणारं. सव्वा लाख टन म्हणजे पंधरा हजार वर्षांचा माल. सांगलीच्या यार्डात एका सकाळी पुढच्या पंधरा हजार वर्षांची हळद उतरली तर सौदा कितीला फुटेल? २० ट्रिलियन ही किंमत माल बाजारात येण्याआधीची आहे. पहिली खेप आली की आकडा कोसळणार. मालिकेत एकही अर्थतज्ज्ञ हे बोलत नाही.

मिरज_जंक्शन
उलट आहे. स्वस्त झालं की वापर वाढतो. आज पाण्यापासून हायड्रोजन काढणाऱ्या पीईएम यंत्रांना इरिडियम लागतं आणि ते महाग असल्यामुळेच किती यंत्रं बनवायची याला मर्यादा येते. स्पार्क प्लगच्या टोकाला, मोबाईलच्या ओएलईडी पडद्यात लागतं. शिवाय वितळबिंदू २,४४६ अंश, सहजासहजी गंजत नाही. टनानं मिळालं तर लोक असे उपयोग काढतील जे आज परवडत नाहीत. ॲल्युमिनियमचं तसंच झालं.

हळदबाजार
वापर वाढेल हो, पण २० ट्रिलियन कुणाच्या खिशात येणार नाहीत. मालकाचा फायदा आणि जगाचा फायदा वेगळा. आणि तेच तर भांडण आहे शेवटच्या भागाचं.

शेणोली_शटल
हळदबाजार, आता खऱ्या मुद्द्याला आलात. मालिकेचा हा सीझन मुळात कामगारांचा होता. हॅपी व्हॅली या मंगळावरच्या तळात वरच्या मजल्यावर अंतराळवीर, खाली हेलिओसचे कंत्राटी लोक, घरी बोलायची सोय तुटपुंजी, पगारात कपात, मग चोरटा बाजार, मग संप. दगड पळवणं हा त्याचा शेवटचा टप्पा. आणि कराड-कुंडलच्या माणसाला हे बघताना प्रतिसरकार आठवणारच. ७ जून १९४३ ला तुफान सेनेनं शेणोलीला पगाराची गाडी अडवली, तीही सरकारचा पैसा सरकारच्याच वाटेवर गाठून. हे तेच आहे, फक्त गाडी एक किलोमीटर व्यासाची.

पाटण_खोरं
नाही पटलं. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या मागे गावंच्या गावं होती, न्यायदान मंडळं होती, १९४३ ते ४६ लोकांनी ते सरकार चालवून दाखवलं. इथं पुढारी कोण? अब्जाधीश डेव्ह. त्याला मंगळ हवाय कारण त्याला मंगळ हवाय. कामगारांना त्यात काय मिळणार याचा एक कागद तरी झालेला दाखवला का?

कृष्णाकाठ
पाटण, हा आक्षेप जोरदार आहे. मला यात किर्लोस्करवाडी जास्त जवळची वाटते. १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या माळावर कारखाना आणि त्याच्याभोवती गाव. घर, पाणी, दिवे, बाजार सगळं कारखान्यासोबत आलं. अशा गावात मालक चांगला असला तरी गाव मालकाच्या निर्णयावर टिकतं. हॅपी व्हॅलीतल्या लोकांनी दगड अडवला तो गाव टिकावं म्हणून, डेव्हवर प्रेम म्हणून नव्हे. कामगार माईल्सला मारहाण होते तरी तो खोलीचा पत्ता देत नाही, ते डेव्हसाठी थोडंच?

पाटण_खोरं
माईल्सपुरतं मान्य. डेव्हपुरतं नाही. पुढच्या सीझनमध्ये बघा, हेलिओसच सरकार होऊन बसेल.

दख्खनची_रेवडी
मंगळतळाची प्रमुख डॅनिएल, तिला गोळी लागते तो प्रसंग मात्र स्वस्तातला. तिनं चार सीझन सगळ्यांना सावरलं, तिला गोंधळात चुकून गोळी. वाचली हे बरं झालं. एडसमोर तिचं म्हणणं शेवटपर्यंत कुणी खोडलं नाही, हे लक्षात घ्या. करार मोडायचा नाही असं म्हणणारी ती एकटीच होती.

वाईकर_चष्मा
+१. आणि मार्गोचा शेवट यापेक्षा चांगला होऊच शकला नसता. मार्गोच्या जवळच्या सर्गेईच्या खुनानंतर नासातली आलेडा इंजिनाचा कोड बदलायला निघालेली असते, मार्गो ते स्वतःवर घेते. पहिल्या सीझनपासून ती दुसऱ्यांच्या आज्ञा पाळत नाहीतर टाळत आली, इथं पहिल्यांदा स्वतः ठरवते. मार्गो झालेल्या रेन श्मिटनं ते एका नजरेत केलंय.

नवा_गडी_इस्लामपूर
नवीन आहे, एक शंका. हे आकडे तुम्ही कशात काढता? कुठलं सॉफ्टवेअर?

अजिंक्यतारा_७७
एवढ्याला वही पुरते. दोनच सूत्रं. मुक्तिवेग = वर्गमूळ (२ गुणिले ४२,८२८ भागिले मंगळाच्या मध्यापासूनचं अंतर किमीत). जवळच्या बिंदूचा वेग = वर्गमूळ (मुक्तिवेगाचा वर्ग अधिक दुरून येतानाच्या जादा वेगाचा वर्ग). वजाबाकी केली की ब्रेक किती ते कळतं. अंतरात त्रिज्या मिळवायला विसरू नका, नवीन लोक उंचीच घालतात आणि भलताच आकडा येतो. प्रत्यक्ष कक्षा बघायची असेल तर नासाचं जीमॅट फुकट मिळतं. इंजिन क्षणभर न चालता वीस-पंचवीस मिनिटं चालतं, त्यामुळे जवळच्या बिंदूच्या आधी निम्मं आणि नंतर निम्मं असं बसवायचं. नाहीतर इंधन वाया जातं. ते जीमॅटमध्ये छान दिसतं.

भडंगवाला
सोमवारी संक्रांत. तिळगूळ घ्या आणि ४०० मध्ये ३,३९६ मिळवा.

पाटण_खोरं
अंधाऱ्या प्रसंगांत काही दिसत नाही म्हणणाऱ्यांनी टीव्हीच्या सेटिंगमध्ये आपोआप ब्राइटनेस कमी करणारी सोय बंद करा, सिनेमा मोड लावा, आणि मोशन स्मूदिंग बंद. खालच्या मजल्यावरचे सगळे प्रसंग त्याशिवाय काळे दिसतात.

शेणोली_शटल
मूळ प्रश्नाकडे येतो. पाच मिनिटं पटली. पण २०१२ मधलं, म्हणजे गोष्टीत नऊ वर्षांनंतरचं, शेवटचं दृश्य कुणी तपासलं का? डेव्ह गोल्डिलॉक्सवर बसलाय, तिथल्या ठाण्याला कुझनेत्सोव्हचं नाव, खाली मंगळ. म्हणजे कक्षा बऱ्यापैकी गोल झालेली दिसते. नुसतं अडकवलं तर कक्षा प्रचंड लांबुडकी असते. गोल कुणी केली?

अजिंक्यतारा_७७
हाच खरा घोटाळा आहे. ४०० किमीवर अडकवायला १०० मीटर लागले, तिथंच गोल करायला आणखी १,३९० लागतात. चौदापट काम पडद्यामागे उरकलंय. उंच कक्षा घेतली तर हिशेब बदलतो. मंगळाच्या मध्यापासून २०,४२८ किमी, जिथं वस्तू मंगळाच्या फिरण्याबरोबर एकाच जागी दिसते, तिथं अडकवायला २३० आणि गोल करायला ६०० मीटर. बेरीज कमी, पण 'थोडा जादा ब्रेक' दुपटीहून जास्त होतो.

मिरज_जंक्शन
गोल करायला नऊ वर्षं होती ना, २००३ ते २०१२. ६०० मीटर नऊ वर्षांत वाटले तर खडकाळ दगडाला जोर लागतो २७ लाख न्यूटन. मंगळयानाच्या इंजिनाच्या सहा हजारपट, पण न थांबता चालवायचं. त्या जगातल्या इंजिनांना एवढं जमेल असं मी धरून चालतो. फक्त २०,४२८ च्या आत येऊ देऊ नका, नाहीतर भरतीच्या ओढीनं मंगळाच्या फोबोस या चंद्रासारखा हळूहळू खाली सरकत जाईल.

पाटण_खोरं
एक किलोमीटरच्या दगडाला सरकायला अब्जावधी वर्षं लागतील. तोवर डेव्हचा करार संपेल का?

हळदबाजार
आणि नऊ वर्षं तेवढं इंधन कुणाच्या पैशानं? एम-७ चा दगड पळवला, मग तो गोल करायचं बिल कुणी भरलं, याचं उत्तर पाचव्या सीझननं द्यावं.